नमुना ६ अजून कोराच आहे

राजापूर,
१२ जुलै

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत म्हणालास, "आई, मतदार यादीत माझं एक नाव नसल्याने कुणाचं काय अडलंय? आणि मत द्यायला पुण्याहून यायचं भाडं कोण देणार?" इथे पाऊस धो धो कोसळत होता, रेंज येत-जात होती, म्हणून मी विषय वाढवला नाही. खरं तर रागही आला होता. राग शांत झाल्यावर लिहायला बसले आहे.

नऊ वर्षं मी बीएलओचं, म्हणजे घरोघर फिरून मतदार यादी नीट ठेवायचं, काम करते. शाळा सुटली की छत्री नि फायली घेऊन वाड्या पालथ्या घालते. अर्ध्या घरांना कुलूप, शेजारी सांगतात, "चाकरमानी हत, गणपतीत येवा." ज्यांची नावं मुंबईतही आहेत नि गावातही, त्यांना दुबार नावाबद्दल समजावते आणि वर त्यांचे टोमणे ऐकते. गावभराच्या अठरा वर्षांच्या पोरांची नावं मी घातली आणि माझ्याच पोराचा नमुना ६, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, कोरा पडलाय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सुपरवायझर बाई मागच्या बैठकीत यावरून हसल्या. मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते बोचत राहिलं.

तुला मी कधी न सांगितलेली एक गोष्ट आहे, ती आधी सांगते. वरच्या वाडीत एकाच नावाचे दोन म्हातारे होते. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव तर अख्ख्या वाडीचं एकच. त्यातला एक गेला. मी "मयत" म्हणून कळवलं ते दुसऱ्याचं. चूक सर्वस्वी माझी होती, वयाचा रकाना मी पाहिलाच नव्हता. २०१९च्या विधानसभेला तो म्हातारा काठी टेकत, चिखलाची पाणंद उतरून केंद्रावर आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं ओळखपत्र. यादीत त्याचं नाव नव्हतं. लोकांना वाटतं की कार्ड आहे म्हणजे मत आहे. तसं नसतं, यादीत नाव असेल तरच मत. केंद्राध्यक्षांनी त्याला परत पाठवलं. बाहेर माझ्या टेबलाशी येऊन तो म्हणाला, "म्हणजे मी मेलंय काय गो बाई?" आणि स्वतःच मोठ्याने हसला. मला हसता आलं नाही. नंतर मी त्याचा नमुना ६ स्वतः भरला, त्याचं नाव परत आलं, २०२४ला त्याने मत दिलंही. पण ते पाच वर्षांपूर्वीचं मत मी त्याला कुठून आणून देणार?

तेव्हापासून मी या यादीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. संविधान दिनाच्या भाषणासाठी म्हणून वाचायला घेतलं आणि वाचतच गेले. आपण शाळेत शिकवतो की स्वातंत्र्य मिळालं, घटना झाली, सगळ्यांना मताधिकार मिळाला. तीन वाक्यांत आटोपतो. वाचताना मला दिसलं ते असं की तीसेक वर्षं भांडण चाललं होतं ते एका रकान्यावरून. नावापुढच्या त्या रकान्यात काय असलं म्हणजे माणूस मतदार होतो?

आधी त्या रकान्यात पैसा होता. १९१९च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळासाठी मत द्यायचं तर खेड्यातल्या माणसाच्या जमिनीचा सारा, म्हणजे सरकारी कर, बहुतेक जिल्ह्यांत निदान ३२ रुपये असावा लागे. आपल्या रत्नागिरीला नि पंचमहालला सवलत म्हणून १६ रुपये. सवलत कशाची, तर आपली जमीन म्हणजे कातळ, वरकस आणि भाताचे रुमालाएवढे खाचरे. सोळा रुपये सारा भरणारं आपल्या गावात एकच घर होतं असं माझे आजोबा सांगायचे, आणि ते कुणाचं हे तुला सांगायला नको. खोताचं. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून प्रांतिक मतदार जेमतेम ५० लाखांच्या आसपास होते. शंभर माणसांत दोन-तीन.

हे नियम ठरवायला साउथबरो समिती आली होती. तिच्यापुढे २७ जानेवारी १९१९ला सत्तावीस वर्षांचा एक प्राध्यापक साक्ष द्यायला उभा राहिला. डॉ. आंबेडकर तेव्हा अजून बाबासाहेब व्हायचे होते, सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते. विठ्ठल रामजी शिंद्यांचीही साक्ष झाली. आंबेडकरांचं म्हणणं थोडक्यात असं की ज्यांना गावात जमीनच घेऊ दिली जात नाही त्यांच्यापुढे जमिनीची अट ठेवायची याला अर्थ नाही. अस्पृश्यांसाठी अट खाली आणा आणि त्यांची माणसं त्यांना निवडू द्या. पुढे सायमन कमिशनच्या वेळी तर ते सरळ प्रौढ मताधिकारावर आले. अडाणी लोकांच्या हाती मत कसं द्यायचं, हा प्रश्न त्या काळी भल्याभल्यांना पडलेला. बाबासाहेबांचं उत्तर मला फार आवडतं. अक्षरओळख नसलेला माणूस निर्बुद्ध असतो हे समजणं ही एक चूक, आणि अक्षरओळख असली की शहाणपण आपोआप येतं हे समजणं ही दुसरी. मी तेवीस वर्षं शाळेत शिकवतेय, दुसऱ्या चुकीबद्दल तर मी शपथेवर सांगू शकते.

पुणे कराराचं इथे उगाळत नाही, तो तू परीक्षेला पाठ केलायस. मला सांगायचंय ते १९३७चं. १९३५च्या कायद्याने साऱ्याची अट आठ रुपयांवर आली, मॅट्रिक झालेल्यांनाही मत मिळालं आणि देशात मतदार झाले ३ कोटींच्या वर. म्हणजे तरीही बहुसंख्य लोक बाहेरच. पण बघ, फट थोडी रुंदावली आणि लगेच काय आत शिरलं! बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुंबईच्या विधानसभेत आला आणि १७ सप्टेंबर १९३७ला त्यांनी खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, रद्द करण्याचं विधेयक मांडलं. तिकडे अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून खोतांविरुद्ध १९३३पासून शेतं पडीक ठेवली होती. जानेवारी १९३८मध्ये कोकणातले आणि घाटावरचे हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. विधेयक मंजूर झालं नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९-५०मध्ये. आपली परसामागची जी जमीन आहे, जिच्यात तू लहानपणी काजू गोळा करायचास, तिच्या सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव लागलं ते त्यानंतर. मला कुणी विचारलं की मताने काय मिळतं, तर मी काजूचं ते झाड दाखवते.

आता बायकांचं. इथे थोडी रेंगाळणार आहे, कंटाळू नकोस.

साउथबरो समितीने बायकांच्या मताबद्दल काय लिहिलं, तर हिंदुस्थानची सामाजिक स्थिती बघता हे फार लवकर होईल. डिसेंबर १९१७मध्ये सरोजिनी नायडूंसोबत बायकांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूसाहेबांना भेटून आलं होतं, तरी हे उत्तर. मग मुंबईहून हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला गेल्या, तिथल्या संसदेच्या समितीपुढे बोलायला. एक पारशी आई, एकवीस वर्षांची तिची लेक, आणि बोटीचा प्रवास. मिठन पुढे तिथेच कायदा शिकली आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणारी पहिली बाई झाली. लंडनने शेवटी हात झटकले आणि सांगितलं, प्रांतांच्या कायदेमंडळांनी काय ते ठरवावं. इकडे मुंबईत रमाबाई रानडे साठीच्या उंबरठ्यावर या कामाला भिडल्या होत्या. १९२१मध्ये आधी मद्रासने आणि मग मुंबईने बायकांना मत दिलं. दिलं म्हणजे, ज्यांच्या स्वतःच्या नावावर सारा किंवा घरपट्टी होती त्यांना. अशा बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. स्वतः उभं राहण्याचा हक्क तर आणखी काही वर्षांनी आला.

१९३५च्या कायद्याने यावर जो तोडगा काढला तो वाचून मी वही मिटली होती. बाई साक्षर असेल तर मत, हे ठीक. पण नवऱ्याकडे ठराविक मालमत्ता असली तरीही तिला मत. म्हणजे मत बाईला नाही, तिच्या मंगळसूत्राला. अखिल भारतीय महिला परिषदेने याला विरोध केला होता, आम्हाला बायको म्हणून नको, माणूस म्हणून द्या, प्रौढ असणं एवढीच अट ठेवा, असं त्यांचं म्हणणं. कुणी ऐकलं नाही. त्या वाटेने ६० लाखांच्या आसपास बायका मतदार झाल्या. संख्या वाढली हे खरं, आणि संख्येला मी कमी लेखत नाही, पण त्या रकान्यात आता पैशाच्या जोडीला नवरा येऊन बसला.

स्वातंत्र्य मिळालं आणि नोव्हेंबर १९४७मध्येच, घटना लिहून व्हायच्या दोन वर्षं आधी, घटना समितीच्या कचेरीने सर्व प्रौढांची यादी करण्याची तयारी सुरू केली. फाळणीची माणसं अजून गाड्यांतून येत होती. ज्यांना घरच नाही त्यांचा पत्ता काय लिहायचा? तर ठरलं, इथेच राहण्याचा इरादा आहे असं त्यांनी लिहून दिलं की नाव घ्यायचं. मला हे नेहमी माझ्या खात्यातल्या माणसांना वाचून दाखवावंसं वाटतं. आम्ही भाडेकरूकडे वीजबिल मागून मागून त्याला बेजार करतो.

जगात तेव्हा काय होतं? इंग्लंडने बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत दिलं १९२८मध्ये, अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला खऱ्या अर्थाने मत मिळालं १९६५च्या कायद्यानंतर, आणि तुला ज्या देशाची घड्याळं आवडतात त्या स्वित्झर्लंडमध्ये बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळालं १९७१ला. आपण सगळ्यांना एकाच दिवशी देऊन टाकलं. कलम ३२६. जात, धर्म, लिंग, सारा, शिक्षण, काही नाही. वय फक्त.

पण कागदावर दिलेलं यादीत उतरायला हवं ना? सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांच्यापुढे १७ कोटींवर नावं आली आणि त्यातल्या लाखो बायकांच्या नावाच्या जागी लिहिलेलं होतं, अमक्याची आई, तमक्याची बायको. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या बाजूला बाया परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायला तयार नव्हत्या. सेनसाहेबांनी बिहारला मुदत वाढवून दिली, नावं परत मागवली. तरीही जी आली नाहीत ती त्यांनी यादीतून काढली. २८ लाख बायका. लोकांनी ओरड केली, पण ते हटले नाहीत, पुढच्या निवडणुकीपर्यंत ही लाज मोडेल म्हणाले. त्यांचं चुकलं की बरोबर होतं हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. बीएलओ म्हणून वाटतं, बरोबर. अमक्याची बायको म्हणून आलेल्या बाईला केंद्रावर ओळखायचं कसं? पण बाई म्हणून वाटतं की अठ्ठावीस लाख जणींना नाव सांगण्याची सवय नव्हती, हा काय त्यांचा गुन्हा?

आपल्या घरात अडचण उलटी झाली होती. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, हे रंगवून सांगायची. यादीसाठी मास्तर दारात आले. आजी ओटीवर तांदूळ निवडत होती. घरात पुरुष कुणी नाही. मास्तरांनी विचारलं, तुझं नाव काय? आजीने सांगितलं. पण कुठलं सांगितलं? माहेरचं! लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून नाव बदललेलं, पण सासरच्या त्या नावाने तिला कुणी हाकच मारलेली नव्हती. सगळे "गो" म्हणायचे नाहीतर "धाकटी". मास्तरांनी ते लिहून घेतलं. मग पुढचा रकाना, नवऱ्याचं नाव. आजी गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, हळदीकुंकवाला, नातलगांत. ओटीवर, परपुरुषापुढे, कागदासाठी कसं घ्यायचं? मास्तर थांबले. शेवटी शेजारचा पोरगा माडावरून ओरडला आणि आजोबांचं नाव यादीत आलं. १९५२ला आजीने मत दिलं ते माहेरच्या नावाने. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, वाचता येण्याची गरज नाही. लाखो लोखंडी पेट्या बनवल्या होत्या, त्यातल्या पुष्कळशा विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात. कुणाच्या पेटीत चिठ्ठी टाकली हे तिने आजोबांना मरेपर्यंत सांगितलं नाही. आम्हाला सांगितलं, पण ते मी लिहिणार नाही. गुप्त मतदान आहे.

आजी गेली तेव्हाही यादीत तिचं माहेरचंच नाव होतं. रेशनकार्डावर एक, यादीत एक. आज असं कागद जुळत नाही म्हटल्यावर मी नमुना ८ काढून दुरुस्ती करायला लावते. तिचं मात्र बरं झालं कुणी दुरुस्त केलं नाही. तिला त्या नावाने ओळखणारी शेवटची वस्तू ती यादीच होती.

बाबासाहेबांचं एक राहिलं. ज्या माणसाने एवढी वर्षं भांडून सर्वांना मत मिळवून दिलं, तो १९५२ला उत्तर मुंबईतून त्याच मतांनी हरला. काँग्रेसचे काजरोळकर सुमारे १५ हजारांनी निवडून आले. याचा लोक काय काय अर्थ काढतात. मी एवढंच म्हणते की मत देऊन टाकलं म्हणजे ते आपल्यालाच मिळेल असं धरून त्यांनी ते मागितलं नव्हतं.

पुढचं माझ्या आठवणीतलं, म्हणून भराभर. वय २१चं १८ झालं ते ६१व्या घटनादुरुस्तीने, १९८९ला. तुझा मोठा मामा तेव्हा एकोणीस वर्षांचा, त्याने त्याच वर्षी मत दिलं आणि महिनाभर बोट धुतलं नाही. मी १९९५च्या फेब्रुवारीत अठराची झाले, त्याच महिन्यात विधानसभा होती, आणि १ जानेवारीला अठरा पूर्ण नव्हती म्हणून माझं हुकलं. तेव्हा वर्षाची ती एकच तारीख धरायचे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार आहेत. तुझा वाढदिवस २० जूनचा. म्हणजे १ जुलैच्या तारखेत तू बसतोस. मला मिळाली असती तर मी नाचले असते अशी सवलत आहे ही.

काम संपलंय असं मला वाटत नाही. तुरुंगात असलेल्याला, खटला सुरू असेल, गुन्हा सिद्ध नसेल, तरी मत देता येत नाही. उभं मात्र राहता येतं! हे कोडं मला कुणी वकिलाने अजून पटेल असं सोडवून दिलेलं नाही. आणि तू भाड्याचं म्हणालास ना, ते मात्र तुझं खरं आहे. मुंबईत वॉचमन असलेला आपला माणूस, ऊस तोडायला बीडहून निघालेलं जोडपं, यांचं नाव एका गावात आणि पोट दुसऱ्या गावात. पंच्याऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांच्या घरी आता मतपत्रिका जाते, पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून मत घेतात, मी स्वतः बघितलंय. फडावरच्या बाईकडे कुणी जात नाही. त्यामुळे तुझ्या प्रश्नावर मी चिडले तरी तो वाईट नव्हता. फक्त तो तुला शोभत नव्हता. तुला वसतिगृहाच्या पत्त्यावरही नाव नोंदवता येतं, तसा दाखला कॉलेज देतं. घरच्या पत्त्यावर घालायचं की तिकडे, हे तू ठरव. घरच्या घातलंस तर मला आवडेल, पण आग्रह करणार नाही. दोन्हीकडे घातलंस तर मीच हरकत घेईन.

आपल्या घराच्या क्रमांकापुढे आता तीन नावं आहेत, तुझ्या आजीचं, बाबांचं नि माझं. तुझ्या आजोबांचं नाव मी जानेवारीत कमी केलं. नमुना ७, मृत्यूचा दाखला जोडला, खाली सही माझी. या वेळी वयाचा रकाना तीनदा तपासला.

याच पाकिटात नमुना ६ आहे. मोबाइलवरून भरलास तरी चालेल, पण भर. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा लागतो, तो ट्रेकमधला गॉगलवाला पाठवू नकोस. जन्मतारखेला दहावीचं प्रमाणपत्र चालतं, ते कपाटात माझ्याकडेच आहे, स्कॅन करून पाठवते. पार्सलमध्ये फणसाचे तळलेले गरे आहेत, अर्धे रूममधल्या मुलांना दे. त्या लातूरच्या मुलाला अठरा पूर्ण झाली का तेही विचार.

तुझी,
आई